ब्रिजखालचा ठोकळा

हिंगण्याच्या कारखान्याला टाळं लागून सहा महिने झाले होते, तरी बाबा रोज शिफ्टच्या वेळेला तयार होऊन अंगणात येरझारा घालायचे. लेथवर वीस वर्षं चाललेले हात रिकामे बसेनात. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचे त्या इलेक्ट्रिक गिटारची सूर लहरवायची दांडी दाबून सोडली की तारा बेसूर व्हायच्या. एकदा मी चिडले. “काहून वं चारू?” त्यांनी विचारलं. “तारा अडकवतात त्या ब्रिजखालचा ठोकळा जस्ताचा आहे, बाबा. आटे झिजले, हलून राहिला.” त्यांनी पोलादाचा तुकडा शोधला आणि नऊ दिवस कानस चालवली, सहा तारांची सहा भोकं हातानं पाडली. नवा ठोकळा बसवून मी दांडी दाबली, सोडली. सूर जागेवर आला आणि घुमत राहिला. बाबा खाली बसले. पाच मिनिटांत परत उठले. “तुह्या ऑर्केस्ट्रात आणखी कोणाची बिघडली?” “केशवची,” म्हणत मी त्याची धडधाकट गिटार मागायला निघाले.