पंचाक्षरी मास्तरांची 'बरं'ची वही

"बरं म्हंजे कसलं बरं, ते आधी सांगा," रुद्रम्मा म्हणाली आणि सुपारी कातरत राहिली.

निजामी राज्यातल्या लोहाऱ्याच्या शाळेतले पंचाक्षरी मास्तर वही उघडून तिच्या ओसरीवर बसले होते. दिवसभर पोरांना उर्दूतून गणित शिकवायचं आणि संध्याकाळी मराठी शब्दांच्या मागे हिंडायचं, हा त्यांचा नाद. आठवडाभर त्यांनी 'बरं' धरला होता आणि त्यापायी रुद्रम्माची ओसरी.

"मूळ संस्कृत 'वर'. म्हणजे उत्तम, निवडलेलं," मास्तर म्हणाले. "पण आता त्याचे किती अर्थ झालेत, अव्वा!"

"लई झालेत. नुसतं 'बरं' म्हंजे होकार. 'बरं बरं' म्हंजे बघून घेते तुला. अंगात ताप असला की बरं न्हाय. आन् जावई कसा हाय विचारल्यावर कुणी 'बरा हाय' म्हनलं, की समजायचं, काय खरं न्हाय. आमच्या कानडीत तर बर म्हंजे दुष्काळ!"

मास्तर भराभर लिहीत होते. रुद्रम्मा त्यांना निरखत होती. कपाळी विभूती, गळ्यात लिंग, नाकीडोळी नीटस.

तिची शांतम्मा विशीची झाली होती. सात स्थळं चालून आली, सातही रुद्रम्मानं उंबऱ्यावरूनच परत धाडली. स्वतःहून मागणी घालतो त्याच्यात खोट असतेच, जावई आपणच हेरायचा, असा तिचा हट्ट. आता स्थळं यायचीच थांबली होती. एकुलत्या पोरीचं आपणच वाटोळं केलं की काय, या घोरानं तिला अन्न गोड लागत नव्हतं.

हा वहीवाला मात्र मागायला आला नव्हता. शेंगापोळी घेऊन आलेल्या शांतम्माकडे त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"गावी कोन असतं?"

"मामा. त्यांनीच वाढवलं मला. अव्वा, 'बरेच' म्हणजे पुष्कळ, हे कसं झालं असेल?"

"शेत?"

"वीस एकर. 'बरेच'चं राहिलं, अव्वा."

रुद्रम्मा उठली. देवघरातला नारळ, पाच सुपाऱ्या आणि मूठभर साखर आणून तिनं मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी लिहिता लिहिताच उपरणं पसरलं.

"मास्तर," हसू दाबत रुद्रम्मा म्हणाली, "आपल्यात नारळ-सुपारी पदरात घेतली की सोयरीक ठरती. आता माघार न्हाय. शांतम्मा तुमची."

मास्तरांची वही खाली पडली. "असं कसं, अव्वा? मी तर शब्दासाठी आलो होतो..."

"लिहा की जल्मभर. कोन नको म्हनतंय?"

मास्तरांनी मान खाली घातली. "बरं," ते म्हणाले.

रुद्रम्माला आभाळ ठेंगणं झालं. पोरीचं भलं झालं, आणि तेही आपल्या अकलेनं!

"मामांना सांगावा कधी धाडता?"

मास्तर दाराशी गेले आणि समोरच्या पारावर बसलेल्या फेटेवाल्याला त्यांनी हाक मारली. सोमलिंगमामा लुगडं, खण आणि हिरवी काकणं घेऊन आत आले. काकणं शांतम्माच्या हातात अलगद बसली.

"अगदी मापाची कशी हो?" रुद्रम्मानं विचारलं.

"बसनारच की," मामा म्हणाले. "माप पोरीनंच धाडलंय, म्हैना झाला."