काटा थांबेना

काटा पुन्हा हलला.

“मेल्या, एकदाचा गप्प बस की!” मी ओरडले. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, शाफ्ट अगदी मधोमध पकडला गेला की डायल गेजचा काटा थांबतो. सकाळपासून शाफ्ट सोडतेय, फिरवतेय, आवळतेय. काटा आपला नाचतोयच. गावाचा पाण्याचा पंप या शाफ्टवाचून बंद.

“बाबांचं लेथ मशीन आता थकलं, सुलू,” दादा म्हणाला. “भंगारवाल्याला बोलावू का?”

“बोलाव! आत्ताच बोलाव!”

तर हा खरंच फोन घेऊन बाहेर गेला. माझं डोकंच फिरलं. शाफ्ट धरणारे चकचे तिन्ही जबडे उपसून टेबलावर आपटले. एकाच्या खाचेत काहीतरी चिकटलं होतं. नखानं खरवडलं, तर झेंडूची पाकळी, चेपून कागदासारखी झालेली. काल दसऱ्याच्या पूजेत दादानंच चकच्या तोंडात फूल खोचलं होतं, “वर्षभर दगा देऊ नकोस” म्हणत.

खाच पुसली, जबडे बसवले, शाफ्ट आवळून फिरवला. काटा जागचा हलला नाही.

“भंगारवाला निघालाय,” दादा दारातून म्हणाला.

“येऊ दे. कालचं प्रसादाचं खोबरं उरलंय. त्याच्या हातावर ठेव नि वाटेला लाव.”