अनसूयेचा फेडर

धोंडीरामच्या नव्या यांत्रिक कानात जगातला प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर येई. म्हणून त्यानं आपल्या ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतला जुना कंट्रोलर कानाला जोडला आणि एकेका आवाजाला तो कमी-जास्त करणारी सरकती खिट्टी, म्हणजे फेडर, नेमून दिला: कुकर, शेजाऱ्याचा टीव्ही, मेहुण्याचे फुकटचे सल्ले. मेहुण्याला त्यानं लगेच तळाला ओढलं.

अनसूया कमरेवर हात ठेवून उभी होती. "आणि माझा कुठला हो? बायकोचं तोंड बंद करायची सोय झाली ना एकदाची!"

"तुझा नाही."

"थापा मारू नका."

त्यानं सगळे फेडर खाली नेले. "आता घाल शिव्या."

तिनं भरभरून घातल्या. तो प्रत्येक शिवीला हसला.

"मग मलाच का सोडलं?"

"हात थरथरतो गं माझा. चुकून खाली गेलीस तर?"