मागं येणारे ठिपके

कावळा पुन्हा खाली उतरला, सारिकाच्या पिंडाकडं उड्या मारत आला आणि एकाएकी पंख फडफडवत लिंबावर जाऊन बसला.

"पोरीचा जीव कशात तरी अडकलाय," साखरबाई म्हणाल्या. सारिका त्यांची सून. आज तिचा दहावा.

शिरूरच्या घाटावर सगळे पायऱ्यांवर बसले होते. सारिकाचा नवरा भारत एकटाच पुढं, पिंडाजवळ, पाठमोरा. हात मांडीवरच्या उपरण्याखाली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो नदीच्या पात्रात खाली वाकून फिरत होता. रडत असेल, म्हणून कोणी जवळ गेलं नव्हतं.

साखरबाईंनी हात जोडले. "सारिका, तुझ्या तेजूला शिकवीन गं. तुझ्यावानी इंजिनेर करीन."

कावळा जागचा हलला नाही.

"तुझी कंप्युटरची खोली हाय तशी ठेवू," भारतचे चुलते हौसराव म्हणाले. "तिच्यात कांदं भरणार न्हाई."

"आप्पा, कांदं निघाल्यावर ध्यानात ठेवा म्हंजी झालं," मागून कोणीतरी बोललं. हसू फुटलं. कावळा उतरला, पिंडाजवळ आला. भारतचं उपरणं जरासं हललं आणि कावळा परत उडाला.

गुरुजींनी वर पाहिलं. "ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून शिववू का?"

"थोडं थांबा." दौंडहून आलेली ज्ञानेश्वरी पुढं झाली. ती सारिकाबरोबर काम करायची. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला. "तिचं सिम्युलेशन अर्धं राहिलं होतं. आम्ही पुरं केलं."

"पिंडापुढं लॅपटॉप?"

"गुरुजी, आमची सून आपल्या न्हावरे गावात बसून आभाळातल्या यानांची इंजिनं तपासायची," हौसराव म्हणाले. "तिला हेच दाखवाय पायजे."

पडद्यावर एका चौकोनातून निळे ठिपके निघाले. थोडं अंतर गेले आणि वळून परत चौकोनावर आदळू लागले.

"हे यानाचं इंजिन," ज्ञानेश्वरी म्हणाली. "ते विजेचा भार असलेले कण मागं फेकतं, म्हणून यान पुढं जातं. पण नुसते कण फेकले तर यानावर उलटा भार साठतो. मग तेच यान गेलेल्या कणांना मागं ओढतं."

"मंग यान कसं जायाचं पुढं?" साखरबाईंनी विचारलं.

"न्हाई जात, काकू. तिथंच अडकतं. म्हणून कणांबरोबर इलेक्ट्रॉनही सोडायचे, भार फिटेल असे. ते नेमके कुठून सोडायचे, हे आमच्या ऑफिसात कोणालाच सापडत नव्हतं. सारिकाला सापडलं."

तिनं बटण दाबलं. आता निळ्यांबरोबर लाल ठिपके निघाले. सगळे मिळून सरळ गेले, पडद्याच्या कडेपार. एकही वळला नाही.

"लेकीनं केलं गं!" साखरबाई डोळे पुसत म्हणाल्या. "भाताचा कुकर लावून हे करायची. शिट्टी झाली की मला हाक मारायची, आत्या, गॅस बंद करा."

हौसरावांनी लॅपटॉपला हात लावून नमस्कार केला. सगळे लिंबाकडं पाहू लागले. कावळा मान वळवून बसला होता.

"हे पण न्हाई," हौसराव पुटपुटले. "आता आन् काय राहिलं आसंल तिचं?"

भारत इतका वेळ मान वळवून पडद्याकडं पाहत होता. "यानाला कळतं का," त्यानं विचारलं, "आपणच वढतोय म्हणून?"

"त्याला कुठलं कळायला, भाऊजी."

भारत परत पिंडाकडं वळला.

गुरुजींनी दर्भ वळायला घेतला, तेवढ्यात कावळा उतरला. उड्या मारत आला, थबकला, आणि त्यानं भाताचा घास उचलला.

"शिवला!" सगळे एकदम ओरडले, आणि भारतच्या उपरण्याखालून नदीतले उरलेले खडे घरंगळत पायऱ्यांवर पडले.