पाच काळ्या पट्ट्या

धम्म घेऊन सात वर्षं झाली, तरी गावच्या वाजंत्र्यांचा माज उतरला नव्हता. "बौद्धाच्या लग्नात आमी वाजवत न्हाई," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मग रंगुबाईनं भाचीच्या लग्नाला स्वतःची जुनी बाजाची पेटी काढली. पांढऱ्या पट्ट्या मुक्या. बोलायच्या त्या फक्त पाच काळ्या. तिसऱ्या काळीवर सा धरून तिनं अख्खा मांडव नाचवला. पाठवणीला सूर तेच पाच, पण सा दुसऱ्या काळीवर नेला, तशी बापयमाणसंही धाय मोकलून रडायला लागली.

गाडीतून नवरी ओरडली, "आत्ती, मी मेली व्हय गं? नांदाय चाललीया! सा हलीव आधी!"

रंगुबाईनं सा परत तिसऱ्या काळीवर आणला, आणि बैलांपुढं पहिली गिरकी घेतली ती नवरीला न्यायला आलेल्या कराडच्या सासूनं.