एका आयडीवर एकच

मोनिकाचा लॅपटॉप कॉलेजच्या वायफायला काही केल्या जोडला जाईना, आणि प्रोजेक्ट तर आजच अपलोड करायचा होता. कॉम्प्युटर लॅबच्या हर्षल सरांनी आपल्या स्क्रीनवर बघितलं.

"कसं लागेल? एका आयडीवर एकच चालतं आपल्याकडं. तुझ्या आयडीवर 'पंकजा' नावाचा मोबाईल चालूये. पासवर्ड बदल, तो आपोआप तुटेल."

मोनिकानं स्क्रीनवरचं ते नाव पुन्हा वाचलं. पंकजा तिची रूममेट. रोज भांडून मोनिकाच्याच आयडीवर नेट वापरायची. मागच्या महिन्यात ती गेली, तेव्हा घरच्यांनी तिचा मोबाईलही सरणावर ठेवला. तिच्या गावी, तिसगावला, दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नव्हता. आईनं शब्द दिला, भावानं दिला, तरी कावळा फांदीवरून हलेना. शेवटी मोनिकाच हात जोडून पुटपुटली होती, "पंके, माझं वायफाय वापरत जा. पासवर्ड कधीच बदलणार न्हाई."

आणि कावळा झपकन खाली आला होता.

"बदलतेस ना?" सरांनी विचारलं.



"नको सर," मोनिका म्हणाली, "मला नेटची वायर लावून द्या."