गोलकीपर कोण?

तालमीच्या पंच्याहत्तरीनिमित्त तिच्या फुटबॉल संघाचे आजवरचे सर्वोत्तम अकरा खेळाडू फलकावर रंगवायचे होते. फॉरवर्डपासून बॅकपर्यंत दहा नावं चहा येईस्तोवर ठरली. त्या दहाही जणांना देवाज्ञा झाली होती आणि मेलेल्या माणसाशी कोल्हापुरात कुणी भांडत नाही.

अडलं ते गोलकीपरवर. दस्तगीर मुजावर गेल्याच वर्षी वारले होते, पण हिंदुराव इंगवले जिवंत होते आणि समोरच खुर्चीत बसले होते. दोघांचं तरुणपणापासून वैर. दस्तगीरचं बोट दुखावलं की हिंदुराव पेढे वाटायचे, कारण तेवढीच मॅच त्यांना खेळायला मिळायची.

मतं निम्मी-निम्मी पडली.

"आबा, तुमचं मत राहिलंय," सेक्रेटरी भीत भीत म्हणाला. म्हातारा स्वतःचंच नाव घेणार, याची सगळ्यांना खात्री होती.

हिंदुरावांनी खिडकीतून पान थुंकलं. "दस्तगीरला घाला."

"आबा?"

"माझ्यापेक्षा लई भारी होतं त्ये बेणं." त्यांनी तोंड पुसलं. "जित्ता असताना कधी बोललो न्हाई. डोक्यावर बसला असता माझ्या."

सेक्रेटरीनं डोळे पुसले आणि पेंटरला दस्तगीरचं नाव सांगितलं.

"आणि ऐक," हिंदुराव खाकरले, "खाली राखीव गोलकीपरची एक जागा कर. तिथं मातूर मतं घ्यायचं काम न्हाई."